यंत्र भाड्याचे चालेल, वही मात्र आपली हवी




उसाची नोंद, तोडीची पाळी, काट्यावरचे वजन आणि बिलाचा हिशेब या चार गोष्टींत कारखान्याचा आणि सभासदाचा खरा संबंध येतो. साखर कोणत्या भावाने गेली, मळी किती निघाली, हे आपण अहवालात वाचतो. पण या चार गोष्टी थेट आपल्या घरात येतात. आता ही चारही कामे ‘क्लाउड’वर न्यावीत असे प्रस्ताव घेऊन संगणक कंपन्यांची माणसे कारखान्या-कारखान्यांतून फिरत आहेत. आज ना उद्या हा विषय आपल्याही संचालक मंडळापुढे आणि सर्वसाधारण सभेपुढे येणार. त्या वेळी नुसते हात वर करून ‘मंजूर, मंजूर’ म्हणायचे नसेल, तर आधीच त्याचा विचार व्हायला हवा.

सभासदांत या बाबतीत दोन तट दिसतात. तरुण मंडळी म्हणतात, “जग कुठच्या कुठे गेले, आपण अजून चिटबॉयच्या वहीत अडकलोय.” जुनी मंडळी म्हणतात, “आपला हिशेब परक्याच्या दारात कशाला? आपलं ते आपल्या कपाटात बरं.” दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धी आहेत. माझे मत असे, की यंत्र भाड्याने घ्यायला काहीच हरकत नाही. वही मात्र कोणत्याही स्थितीत आपल्या हातून जाता कामा नये. कोणताही प्रस्ताव या एका कसोटीवर घासून पाहावा.

क्लाउड म्हणजे आहे तरी काय?

नावात ढग असला तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मोठमोठ्या इमारती, त्यांत हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे आणि चोवीस तास वीज. हे संगणक ज्याला हवे त्याला, हवे तेवढे, वापरावर भाडे घेऊन द्यायचे, हा तो धंदा. अमेझॉन कंपनीने २००६ साली हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर सुरू केला. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि गूगल त्यात उतरल्या. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, २०१६ साली अमेझॉनने मुंबईत आणि २०१७ साली गूगलनेही मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. केंद्र सरकारचाही ‘मेघराज’ नावाचा उपक्रम असून त्याखालील राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला. म्हणजे आपला हिशेब सातासमुद्रापार गेलाच पाहिजे असे नाही, तो पुण्या-मुंबईतही राहू शकतो. फक्त तसे करारात लिहून घ्यावे लागते.

ही भाड्याची सेवा तीन तऱ्हांची असते. आपल्या भाषेत सांगायचे तर, पहिली तऱ्हा म्हणजे मोकळे रान खंडाने घेणे. नुसता संगणक मिळतो, बाकी मशागत आपली. दुसरी तऱ्हा म्हणजे विहीर, मोटर आणि पाइपलाइनसह रान घेणे. तिसरी तऱ्हा म्हणजे उभे पीकच घेणे. सगळा कार्यक्रम तयार असतो, आपण फक्त नाव-गाव भरायचे. कारखान्यांना बहुतेक वेळा ही तिसरी तऱ्हाच दाखविली जाते. ती सोपी आहे यात शंका नाही. पण जितके तयार घ्यावे तितके आपल्या हातातले नियंत्रण कमी होते, हेही ध्यानात ठेवावे.

वारणेचा धडा

संगणक आणि ऊसकरी शेतकरी यांची गाठ आपल्याकडे आजची नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडून ती कारखान्याशी जोडण्याची योजना होती. त्या काळी त्याचे देशभर नाव झाले. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले, काय काय त्यातून मिळणार असे बोलले गेले. प्रत्यक्षात शेतकऱ्याने ती केंद्रे मुख्यत्वे आपल्या उसाची माहिती बघण्यासाठीच वापरली. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथल्या काही गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलवर एसएमएसने तीच माहिती द्यायचा प्रयोग केला. तो स्वस्त पडला आणि शेतकऱ्याला घरबसल्या सोयीचाही झाला.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. यंत्र किती मोठे आहे हे न बघता आपले कोणते काम त्याने होते ते आधी बघावे. आज एखादी कंपनी उपग्रहाची चित्रे, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रंगीत नकाशे दाखवील. त्यातले काही उपयोगाचेही असेल. पण सभासदाला रात्री दहा वाजता जे हवे असते ते एवढेच: माझी गाडी भरली का, वजन किती आले, आणि बिल कधी जमा होणार. ही तीन उत्तरे जो चोख देईल त्याचा प्रस्ताव आधी वाचावा.

क्लाउडच्या बाजूने

क्लाउडच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पहिली गोष्ट हंगामाची. आपले गळीत चार-पाच महिने चालते. त्या दिवसांत काटा, शेतकी विभाग आणि हिशेब खाते रात्रंदिवस संगणकावर असते. हंगाम संपला की तेच मोठे यंत्र नुसते बसून राहते. पावसाळ्यात लागणीच्या नोंदी चालतात हे खरे, पण तो बोजा हलका असतो. अशा कामाला स्वतःचे महागडे यंत्र घेण्यापेक्षा हंगामापुरते जास्त आणि एरवी कमी भाडे देणे परवडते. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने आणणारा शेतकरी मूर्ख नसतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागात कितीतरी दुकानांत आणि कार्यालयांत पाणी शिरले. दप्तरे भिजली, यंत्रे गेली. आपले कपाट म्हणजे सुरक्षित, हा समज पुराचे पाणी मानत नाही. आणि हे फक्त नदीकाठालाच लागू नाही. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी संगणक केंद्राला सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली. तिथे सरकारी नोकरांच्या कामाच्या कागदपत्रांचे मोठे भांडार होते, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सगळे गेले. ते केंद्र सरकारचे स्वतःचे होते, भाड्याचे नव्हते. म्हणजे ‘स्वतःचे’ एवढ्याने भागत नाही, दुसऱ्या ठिकाणी दुसरी प्रत हवी. ती ठेवायला क्लाउड सोयीचे आहे.

तिसरी गोष्ट उघडेपणाची. काट्यावर वजन झाल्याबरोबर त्याचा एसएमएस सभासदाच्या मोबाईलवर गेला, तर काटामारीचा संशय निम्मा तिथेच संपतो. ज्या कारखान्याचा काटा खरा आहे त्याला याची भीती वाटण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू

सेवा विकणारे सांगतात, “आमची यंत्रणा ९९.९ टक्के वेळ चालू असते.” ऐकायला उत्तम वाटते. पण हिशेब करून बघा. महिन्याचे ७२० तास, त्यातला एक दशांश टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. कुणी ९९ टक्के म्हणाला, तर महिन्याला सव्वासात तास यंत्रणा बंद राहिली तरी त्याने करार मोडला असे होत नाही. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात सव्वासात तासांत दीड हजार टन ऊस काट्यावरून जातो. तेवढ्या गाड्या यार्डात उभ्या राहिल्या तर ऊस कुणाचा वाळणार? आपलाच. आणि कंपनी भरपाई काय देते? सर्वसाधारणपणे त्या महिन्याच्या भाड्यातला काही हिस्सा पुढच्या बिलातून वजा करते. वाळलेल्या उसाचे वजन ती देत नाही.

म्हणून काटा कधीही इंटरनेटच्या भरवशावर चालता कामा नये. वजन काट्याजवळच्या संगणकात नोंदले जावे, पावती तिथल्या तिथे छापली जावी, आणि लाइन आली की ती नोंद आपोआप क्लाउडवर जावी. रात्री बारा वाजता इंटरनेट बंद करून पाच गाड्या वजन करून दाखवा, असे कंपनीला सांगावे. जो दाखवणार नाही त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

मोठ्या कंपनीचे नाव आहे म्हणून डोळे झाकून चालत नाही, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. तिथे युनिसुपर नावाचा विद्यापीठ-नोकरांचा निवृत्तिनिधी आहे. सभासदांसाठी चालणारी संस्था, सहा लाखांवर सभासद. मे २०२४ मध्ये तिची गूगलच्या क्लाउडवरची सगळी यंत्रणाच एकाएकी पुसली गेली. कारण काय, तर ती उभी करताना गूगलकडून एक रकाना कोरा राहिला होता. त्यामुळे यंत्राने मुदत एक वर्षाची धरली आणि वर्ष भरताच सगळे काढून टाकले. माहिती दोन ठिकाणी ठेवलेली होती, पण दोन्ही एकाच खात्याखाली असल्याने दोन्ही गेल्या. सभासदांना आठवडाभर आपली खाती बघता आली नाहीत. संस्था सावरली, कारण तिने आणखी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. हे शहाणपण आपण उचलण्याजोगे आहे.

आपल्या देशातलेही एक उदाहरण आहे, आणि ते सहकाराच्या जवळचे आहे. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांची संगणकसेवा सांभाळते. जुलै २०२४ च्या अखेरीस तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिला तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे मोबाईलवरून पैसे देणे-घेणे थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली हे खरे. पण त्या बँकांपैकी बहुतेकांनी स्वतः काही चूक केलेली नव्हती. सगळ्यांच्या गाड्या एकाच मोटारीला जोडल्या की ती एक मोटार बिघडली तरी सगळा तांडा थांबतो.

वहीची गोष्ट जुनी आहे

‘वही आपली हवी’ असे मी पुन्हा पुन्हा का म्हणतो? १८७५ साली पुणे आणि अहमदनगर भागात शेतकऱ्यांचे दंगे झाले. सुरुवात सुप्याच्या बाजारात झाली. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून मुख्यतः कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. राग होता तो त्या कागदांवर. कागद सावकाराच्या घरात, त्यात काय लिहिले ते शेतकऱ्याला ठाऊक नाही, आणि कोर्टात मात्र तोच कागद खरा. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्याच्या हाती वही त्याचाच हिशेब खरा ठरतो.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याचा ऊस आणि त्याचा हिशेब शेतकऱ्याच्याच संस्थेत राहावा म्हणून. तो हिशेब आता एखाद्या कंपनीच्या अशा साच्यात गेला, की तिच्याशिवाय तो उघडताच येत नाही, तर आपण दीडशे वर्षे चालून पुन्हा सुप्याच्या बाजारात उभे राहू. करार संपला, भांडण झाले, भाडे दुप्पट झाले, तरी आपल्याला हलता येणार नाही. पाच वर्षांच्या नोंदी, कुणाची लागण कधीची, कुणाचा खोडवा कितवा, कुणाची ठेव किती, हे सगळे तिच्या पेटीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाचे बंधन घातले. पण ते व्याज मागायचे तर ऊस कोणत्या तारखेला गेला याची नोंद हातात हवी ना? तारीखच सापडली नाही तर कायदा काय करणार?

कंपन्यांनाही हे अडवणुकीचे दुखणे ठाऊक आहे. ग्राहक सोडून जाताना आपली माहिती बाहेर नेण्याबद्दल त्या पैसे आकारीत असत. २०२४ मध्ये गूगल, अमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघींनी कायमचे सोडून जाणाऱ्यांपुरता तो आकार बंद केल्याचे जाहीर केले. पण आपला करार थेट त्यांच्याशी क्वचितच होतो. तो होतो मधल्या कंपनीशी, आणि तिच्या अटी वेगळ्या असतात. तेव्हा मधल्याचा कागद नीट वाचावा.

फुकटाची साधने

मोठ्या कराराची चर्चा होते. पण गट ऑफिसात रोज वापरली जाणारी छोटी फुकट साधने कुणी विचारातच घेत नाही. सभासदांच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटात पडतात. त्यांत बँक खाते आणि आधार क्रमांकही असतात. नोंदीचा फॉर्म कुणा कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेल खात्यावर असतो. तो माणूस नोकरी सोडून गेला, की फॉर्मही गेला आणि माहितीही. फुकटाला मुदत नसते असे समजू नये. गूगल फोटोतली मोफत अमर्याद साठवण जून २०२१ पासून बंद झाली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या मोबाईलवर अनुभवले आहे. ही साधने निरोपापुरती वापरावीत. दप्तर म्हणून वापरू नयेत.

यात आता कायद्याचाही भाग आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील असे ठरले. त्या कायद्याप्रमाणे माहिती सांभाळण्याचे काम दुसऱ्या कंपनीला दिले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. माहितीच्या रक्षणात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. म्हणजे ‘ते कंपनीने केले’ असे म्हणून कारखान्याला सुटता येणार नाही. आणि कारखान्याचा दंड म्हणजे शेवटी आपल्याच उसाच्या दरातून जाणारा पैसा.

सभेत विचारायचे प्रश्न

प्रस्ताव येईल तेव्हा सभासदांनी पुढील प्रश्न जरूर विचारावेत. त्यासाठी संगणक येण्याची गरज नाही.

१. पाच वर्षांचा एकूण खर्च किती? नुसता पहिल्या वर्षाचा सांगू नका. समजा दर सभासदामागे महिना ५ रुपये म्हटले. आकडा किरकोळ वाटतो. पण २०,००० सभासदांचे वर्षाला १२ लाख आणि पाच वर्षांत ६० लाख होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गळीत पाच महिने आणि भाडे बारा महिने पूर्ण, असे का?

२. इंटरनेट नसताना काटा आणि पावती चालते का? ते हंगामापूर्वी सर्वांसमक्ष दाखविणार का?

३. आपल्या नोंदींची संपूर्ण प्रत, कोणत्याही साध्या संगणकावर उघडेल अशी, दर आठवड्याला कारखान्याच्या हाती येणार का? आणि आणखी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे राहणार का? ती प्रत उघडून पाहण्याची चाचणी कोण घेणार?

४. करार संपल्यावर किती दिवसांत, किती पैशांत सगळी माहिती परत मिळेल? आणि त्यांच्याकडची पुसल्याचा दाखला मिळेल का?

५. वजन किंवा नोंद कुणी नंतर बदलली, तर कुणी, केव्हा आणि काय बदलले याची न पुसणारी नोंद राहते का? ती सभासदाला मागता येईल का?

माझ्या मते पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पूर्वी चोपडीत खाडाखोड केली तर शाईचा डाग राहायचा. संगणकात डाग राहत नाही, तो मुद्दाम ठेवावा लागतो. हा डाग ठेवणारी यंत्रणा नसेल, तर ती कितीही आधुनिक असली तरी आपल्या उपयोगाची नाही.

सूचना

संचालक मंडळाला माझी नम्र सूचना अशी. एकदम सगळा कारखाना क्लाउडवर नेऊ नये. एका गटापुरता एक हंगाम प्रयोग करावा, आणि त्या गटात जुनी पद्धत आणि नवी पद्धत जोडीने चालवावी. दर पंधरवड्याला दोन्हींची वजने आणि बिले ताडून पाहावीत. ताडणीचा तक्ता गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा. त्या गटातील दोन-तीन जाणते सभासद आणि एखादा संगणक शिकलेला सभासदाचा मुलगा किंवा मुलगी, अशी छोटी समिती त्यावर असावी. गावोगाव अशी मुले आता आहेत. त्यांना कारखान्याने विचारायला हवे. हंगामअखेर समितीचा अहवाल याच पत्रिकेत छापावा आणि मग सभेने निर्णय घ्यावा.

यात एक हंगाम जाईल, हे मला मान्य आहे. कंपनीचा माणूस म्हणेल, “सवलत याच महिन्यापुरती आहे.” म्हणू द्यावे. बियाणे घेतानासुद्धा आपण आधी चार सऱ्या लावून बघतो, मग सगळ्या रानात घालतो. विश्वास पानिपतात गेला असे आपण थट्टेने म्हणतो, ते व्यवहारात मात्र खरेच धरून चालावे. विश्वासाऐवजी पावती, प्रत आणि पडताळणी मागावी. या तिन्ही गोष्टी जो लिहून देईल त्याचे यंत्र आनंदाने भाड्याने घ्यावे.

सभेची नोटीस आली, की विषयपत्रिका घडी करून खिशात घालू नका. ती वाचा, हे पाच प्रश्न तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला उतरवून घ्या, आणि सभेला या.



आपला,
एक ऊस उत्पादक सभासद